नागपूरच्या उन्हाळ्यात मुलांची दुपार

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. मनीषनगरात चौथ्या मजल्यावर घर आहे, मुलगा दहा वर्षांचा आणि मुलगी सहा वर्षांची आहे, आपण दोघेही सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेसहा नोकरीनिमित्त बाहेर असता आणि घरी सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई असतात. सुट्टी लागून जेमतेम आठवडा झाला, तोच मुले एक तर मोबाइल धरून बसतात, नाही तर एकमेकांशी भांडतात. जून अखेरपर्यंत त्यांना कशात रमवावे आणि कोणत्या शिबिरात घालावे, असे आपण विचारले आहे. मी येथील एका प्राथमिक शाळेत बरीच वर्षे शिकवते आहे आणि दर उन्हाळ्यात आमच्या वस्तीतील मुलांचा दुपारचा वर्ग चालवते. त्या अनुभवाच्या आधारे हे उत्तर लिहिते आहे.

आपण वर्णन केलेला दिवस पाहिला तर अडचण करमणुकीची कमी आणि दुपारची अधिक आहे. नागपुरात एप्रिलच्या अखेरीपासून सकाळी दहानंतर मुलांना बाहेर सोडता येत नाही आणि संध्याकाळी सहापूर्वी ऊन सोसण्याजोगे होत नाही. म्हणजे सलग सात-आठ तास मुले चार भिंतींत कोंडलेली असतात. पुण्याकडच्या किंवा कोकणातल्या मुलांना सुट्टीत जे मोकळे अंगण मिळते, ते आपल्या मुलांना दिवसाच्या फक्त दोन टोकांना मिळते. त्यामुळे तिकडच्या लोकांनी सुचवलेले उपक्रम आपल्याकडे जसेच्या तसे चालत नाहीत. त्यातच विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा एक-दोन आठवडे उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. तेव्हा ऊन प्रखर आणि सुट्टी लांब, अशा दोन्ही गोष्टी गृहीत धरूनच आखणी करावी लागते.

पुढे जे लिहिते आहे ते सरसकट सर्वांना लागू पडेल, असे मी म्हणणार नाही. घरात एसी आहे की कूलर, सासूबाईंची प्रकृती कशी आहे, इमारतीत मुलांच्या वयाची आणखी मुले आहेत की नाहीत, गावाकडे आजोळ आहे का, यांवर पुष्कळ काही अवलंबून असते. पाच ते बारा वर्षांच्या मुलांबाबत मी खात्रीने बोलू शकते. त्याहून लहान मुलाला सतत मोठ्या माणसाची सोबत लागते आणि तेराच्या पुढच्या मुलांचे प्रश्न वेगळे असतात.

सुरुवात पहाटेपासून करावी, कारण दुपार कशी जाणार हे बहुतांशी पहाटेच ठरते. मे महिन्यात नागपुरात साडेपाचच्या सुमारास सूर्योदय होतो आणि त्यानंतरचे दोन-अडीच तास हा संपूर्ण दिवसातला मुलांना मनसोक्त पळता येईल असा सर्वांत चांगला वेळ असतो. नेमका हाच वेळ बहुतेक घरांत झोपेत जातो. सुट्टी आहे, झोपू द्या, असे आपण मायेने म्हणतो. नऊला उठलेल्या मुलाच्या अंगातली सगळी शक्ती मग बंद घरात, आजीच्या डोळ्यांसमोर आणि धाकट्या बहिणीच्या वाट्याला येते. माझ्या वर्गात येणाऱ्या मुलांपैकी सकाळी मैदानावर जाऊन आलेली कोणती आणि थेट अंथरुणातून आलेली कोणती, हे मला पहिल्या दहा मिनिटांतच ओळखू येते. पहिली मुले बसून काम करू शकतात, दुसऱ्यांना बसवतच नाही.

म्हणून आपणा दोघांपैकी एकाने सकाळी साडेपाच ते साडेसात मुलांना बाहेर न्यावे, हा माझा पहिला आणि सर्वांत आग्रहाचा सल्ला आहे. जवळचे कोणतेही मैदान चालेल; सायकल, चेंडू किंवा दोरीवरच्या उड्या पुरेशा आहेत. रविवारी फुटाळा तलावाच्या काठावर किंवा सेमिनरी हिल्सच्या चढावर जाता येईल. पोहण्याच्या तलावावर पहाटेचा वर्ग मिळाला आणि तेथे प्रशिक्षक व जीवरक्षक हजर असतील, तर त्यासारखे दुसरे काही नाही. मात्र यासाठी मुले रात्री साडेनऊपर्यंत झोपायला हवीत, आणि नागपुरात ते सोपे नाही, हे मला ठाऊक आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात माणसे रात्रीच बाहेर पडतात, आइस्क्रीमच्या गाडीभोवती अकरापर्यंत गर्दी असते. आठवड्यातून एक रात्र तशी जाऊ द्यावी, बाकीच्या रात्री सांभाळाव्यात. या वयाच्या मुलांना दिवसाकाठी नऊ ते बारा तास झोप लागते. रात्री थोडी कमी पडली तर दुपारच्या जेवणानंतरच्या तासाभराच्या झोपेने ती भरून निघते, आणि त्या वेळात सासूबाईंनाही पाठ टेकता येते.

आता दुपार. दुपारसाठी तासातासाचे वेळापत्रक भिंतीवर लावू नये, असे माझे ठाम मत आहे. ते दोन दिवस टिकते आणि तिसऱ्या दिवसापासून आजीवर पोलिसाचे काम येते. त्याऐवजी दुपारला तीन खुंट असावेत: अकराच्या सुमारास हातांचे एखादे काम, जेवणानंतर झोप आणि चारच्या सुमारास काही खाऊन बैठा खेळ. मधला वेळ मोकळा ठेवावा. त्या मोकळ्या वेळेविषयी पुढे सांगते.

हातांच्या कामाबाबत आपल्या घरात एक मोठी संपत्ती आहे आणि आपल्या प्रश्नात तिचा उल्लेख केवळ अडचण म्हणून आला आहे. ती म्हणजे सासूबाई. सत्तरीतल्या बाईने दोन मुलांच्या मागे धावावे, ही अपेक्षा चुकीची आहे. परंतु त्यांच्या वयाच्या वऱ्हाडी-नागपुरी घरातल्या बाईला कुरोड्या, पापड, मुंगवड्या, शेवया आणि सरगुंडे येत असण्याची शक्यता फार मोठी आहे. वाळवणाचा हा सगळा व्यवहार मुलांच्या हातांना आणि डोक्याला इतके खाद्य देतो की कोणत्याही शिबिरातले कागदकाम त्यापुढे फिके वाटावे. सासूबाईंना राखणदार न मानता शिकवणाऱ्या मानावे. त्या खुर्चीवर बसून सांगतील आणि मुले करतील.

उदाहरणादाखल कुरोड्या घ्या. गहू तीन दिवस भिजत घालायचे आणि रोज पाणी बदलायचे, हे काम दहा वर्षांच्या मुलाचे. रोज त्या गव्हाचा वास कसा बदलतो, दाणा बोटांत दाबला की पांढरे दूध कसे निघू लागते, हे त्याने पाहावे आणि वहीत लिहावे. मग गहू वाटून, पिळून, गाळून चीक रात्रभर तसाच ठेवायचा. सकाळी वर निवळ पाणी आणि तळाशी घट्ट पांढरा थर दिसतो. वरचे पाणी अलगद ओतून देणे हे संयमाचे काम आहे आणि मुले ते आश्चर्य वाटावे इतक्या काळजीने करतात. चीक शिजवणे व गरम चीक सोऱ्यातून पाडणे मोठ्यांनी करावे, ते मुलांच्या हाती देऊ नये. मात्र गच्चीवर कापड अंथरणे, कुरोड्या ओळीने मोजणे, पक्षी हाकलणे आणि वाळलेल्या कुरोड्या उलटणे ही सारी कामे मुलांची. वाटीतला गरम चीक खायला मिळतो, तेव्हा तीन दिवसांच्या कष्टाचे चीज होते. हे काम शनिवार-रविवारच्या पहाटे येईल असा बेत ठेवावा, म्हणजे आपणही घरी असाल आणि नऊच्या आत सगळे गच्चीवरून खाली येतील.

सहा वर्षांच्या मुलीला मुंगवड्या घालू द्याव्यात. भिजवून वाटलेल्या मुगाच्या डाळीचा एवढासा गोळा बोटांनी ताटावर सोडायचा, एवढेच काम असते. तिच्या वड्या वाकड्यातिकड्या झाल्या तरी त्या वेगळ्या डब्यात ठेवून तिच्या नावाने शिजवाव्यात. सरगुंड्यांसाठी कणकेची बारीक वळी काडीभोवती गुंडाळावी लागते. बोटांची ती हालचाल पुढे लिहिताना उपयोगी पडते, हे मी शिक्षिका म्हणून सांगते. शिवाय रस आणि सरगुंडे ताटात आले की मुले पाहुण्यांना सांगतात, हे मी केले आहे. मुलांना करमणुकीपेक्षाही या वाक्याची भूक अधिक असते. घरात आपल्यावाचून काही अडते, ही जाणीव त्यांना सुट्टीतच मिळू शकते, कारण शाळेच्या दिवसांत आपण त्यांच्याकडून फक्त अभ्यास मागतो.

सासूबाईंना हे काम झेपणारे नसेल, तर त्यांच्याकडून गोष्टी, ओव्या, जुन्या नागपूरच्या आठवणी मुलाने लिहून घ्याव्यात. रोज एक पान पुरे. घरात जुने फोटो असतील तर प्रत्येक फोटोमागे कोण, कुठे, केव्हा, हे आजीला विचारून लिहिण्याचे काम महिनाभर पुरते, आणि ते पुढे आपल्यालाही उपयोगी पडेल.

मुलाचे वय पाहता त्याच्यासाठी आणखी एक काम सुचवते, ते खास आपल्या नागपूरचे आहे. पन्नास अंशांपर्यंत मोजणारा, लाल द्रव भरलेला खोलीचे तापमान पाहण्याचा तापमापक स्वस्तात मिळतो. असे दोन आणावेत. तापाचा तापमापक यासाठी चालत नाही आणि पाऱ्याचा मुलांच्या हाती देऊ नये. बाल्कनीच्या सावलीत दोन्ही शेजारी टांगावेत आणि एकाच्या खालच्या फुग्याभोवती ओल्या सुती कापडाची पट्टी गुंडाळावी. दहा मिनिटांनी दोन्हींवरचे आकडे पाहून वहीत लिहावेत. मे महिन्यातल्या कोरड्या दुपारी ओला तापमापक पंधरा अंशांनी किंवा त्याहूनही अधिक खाली उतरलेला दिसतो. पाण्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते, माठातले पाणी आणि कूलरची हवा गार होण्यामागे हेच कारण आहे, हे मग समजावून सांगावे लागत नाही. खरी गंमत जूनमध्ये येते. पावसाळी हवा सुरू झाली की दोन तापमापकांतला फरक कमी होत होत चार-पाच अंशांवर येतो, आणि ज्या कूलरने मे महिना काढला तोच कूलर आता नुसती चिकट हवा का फेकतो, याचे उत्तर मुलाला स्वतःच्या वहीत सापडते. रोज एका ठरलेल्या वेळी नोंद आणि आठवड्याच्या शेवटी आलेख, एवढाच नियम ठेवावा. दोन महिन्यांची अशी वही तयार करणारा मुलगा विज्ञानाच्या पुस्तकाकडे वेगळ्या नजरेने पाहतो.

याच वहीत २६ मेचा दिवस आधीच लाल पेन्सिलीने खुणवून ठेवावा. नागपूर २१ अंश अक्षांशाच्या थोडे वर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य भर मध्यान्ही अगदी डोक्यावर येतो. एकदा मे अखेरीस २६ तारखेच्या आसपास आणि पुन्हा जुलैच्या मध्यावर, पण तेव्हा बहुधा ढग असतात. २६ मे रोजी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास गच्चीवर उभ्या ठेवलेल्या सरळ पाइपची किंवा पालथ्या पेल्याची सावली नाहीशी होते. टोपी घालून पाच मिनिटांसाठी मोठ्या माणसाबरोबर वर जावे, पाहावे आणि लगेच खाली यावे. मुंबई-पुण्याच्या मावसभावांना हा अनुभव मेच्या मध्यावरच येऊन गेलेला असतो, तर दिल्लीच्या मुलांना तो कधीच येत नाही. हे का, याचा शोध नकाशा घेऊन मुलाने स्वतः घ्यावा. त्या दिवसानंतर जुलैच्या मध्यापर्यंत मध्यान्हीची सावली उत्तरेऐवजी दक्षिणेला पडते, हेही त्याच्या लक्षात आणून द्यावे. २५ मेपासून आपल्याकडे नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होतो. तेव्हा मुले सर्वांत चिडचिडी असतात, आणि वाट पाहण्याजोगे काही तरी त्या दिवसांत असलेले बरे.

आता भांडणांविषयी. चार वर्षांचे अंतर असलेली दोन भावंडे दिवसभर फक्त एकमेकांच्या सोबतीला असतील तर ती भांडणारच. त्यात आपल्या संगोपनाचा दोष नाही. खेळ निवडताना हे वयाचे अंतर ध्यानात घ्यावे. बुद्धिबळात धाकटीला हरण्यावाचून गत्यंतर नसते, म्हणून पट उधळला जातो. दान पडण्यावर ज्याची हार-जीत ठरते अशा खेळांत दोघे बरोबरीला येतात. अष्टचंगे हा त्यासाठी उत्तम खेळ आहे. पाच बाय पाचचा पट खडूने फरशीवर काढायचा आणि चार चिंचोके एका बाजूने खरबरीत दगडावर पांढरे होईपर्यंत घासायचे. ते घासण्यातच एक दुपार जाते. पत्त्यांत बदाम सात आणि झब्बू चालतात. कॅरम असेल तर दोघांना एका संघात ठेवून आपण दोघांनी दुसरा संघ करावा, म्हणजे ती एकमेकांविरुद्ध न खेळता एकत्र खेळतात.

तरीही यावरचा खरा उपाय तिसरे मूल हाच आहे, आणि शक्य असल्यास चौथे, पाचवेही. फ्लॅटमधल्या मुलांच्या वाट्याला येणारा एकटेपणा मला या सगळ्यात सर्वांत गंभीर वाटतो. पूर्वी वाड्यात किंवा आळीत मुले आपोआप जमत. आता त्यांना जमवावे लागते. आमच्या वस्तीत आम्ही दुपार फिरती ठेवतो. चार घरांनी एकत्र यायचे, आठवड्यातला एकेक वार एकेका घराने घ्यायचा आणि त्या दिवशी अकरा ते एक किंवा चार ते सहा सगळी मुले त्या घरी. सहाच्या वर मुले नकोत. घरात एक मोठे माणूस हवेच, पण त्याने खेळ शिकवण्याची गरज नाही. ते घरात आहे एवढे पुरते. खाण्याला पोहे, मुरमुरे, टरबुजाच्या फोडी असे साधेच काही असावे, म्हणजे घराघरांत चढाओढ लागत नाही. मोबाइल कोणाच्याही हातात नको, ही अट सर्व घरांनी आधी मान्य करावी. आपण दोघे नोकरीवर असल्यामुळे आपली पाळी शनिवारी घ्यावी. शेजारी अशा गोष्टीला लगेच तयार होतील याची खात्री देता येत नाही. म्हणून एका घरापासून सुरुवात करावी. ज्या घरी एकुलते एक मूल आहे तेथे आधी विचारावे, कारण त्या आईलाही हीच चिंता असते आणि तीही कोणी विचारण्याची वाट पाहत असते.

मोकळ्या वेळेविषयी म्हटले होते, ते आता सांगते. मूल येऊन "कंटाळा आला" म्हणते, तेव्हा आपण घाईने दहा गोष्टी सुचवतो आणि ते दहाही नाकारते. माझ्या वर्गात मी या वाक्याला "बरं" एवढेच उत्तर देते आणि हातातले काम चालू ठेवते. पहिले काही दिवस मुले नुसती लोळतात, कुरकुरतात, खिडकीत जाऊन उभी राहतात. तो काळ घरातल्या मोठ्यांना फार अवघड जातो, कारण मूल रिकामे दिसले की आपल्यालाच अपराधी वाटू लागते. पण धीर धरला तर त्या लोळण्यातूनच काही तरी उभे राहते: खाटेखाली दुकान मांडले जाते, चादरीचा तंबू होतो, नाटक बसवले जाते. यासाठी एक खोके मुलांच्या हाताला लागेल असे खाली ठेवावे. त्यात पुठ्ठे, जुनी वर्तमानपत्रे, सुतळी, चिंध्या, खडू, बोथट कात्री आणि डब्यात मैद्याची खळ असावी. ते खोके आवरण्याची जबाबदारी मुलांची, वेळ संध्याकाळी सहाची. मध्ये कितीही पसारा झाला तरी सासूबाईंनी बोलू नये, हे मात्र आपण त्यांना आदराने आणि आधीच सांगून ठेवावे.

मोबाइलबाबत भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये दिलेला सल्ला असा आहे की दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसातून एक तासापेक्षा अधिक आणि पाच ते दहा वर्षांच्या मुलांना दोन तासांपेक्षा अधिक वेळ पडद्यासमोर बसू देऊ नये. तो सल्ला योग्यच आहे, पण आपल्या घरात तो पाळणार कोण, हा प्रश्न उरतो. आजींना नातवाच्या हातून मोबाइल काढून घेता येत नाही आणि ते त्यांच्यावर लादूही नये. त्यापेक्षा संपर्कासाठी साधा बटणांचा फोन घरी ठेवावा आणि मुलांच्या हाती जाणारा मोबाइल आपल्याबरोबर कार्यालयात न्यावा. पाहायचेच असेल तर टीव्हीवर, झोपून उठल्यानंतर, एक ठरलेला तास, दोघांनी मिळून पाहावे. टीव्ही सगळ्यांसमोर असतो आणि कार्यक्रम संपला की बंद करणे तुलनेने सोपे जाते. हातातल्या मोबाइलवर एकामागून एक काही तरी येतच राहते, त्याला शेवट नसतो. पहिले चार दिवस आकांत होईल. त्या चार दिवसांत आपणापैकी एकाला रजा काढता आली तर जरूर काढावी.

वाचनासाठी घराजवळच्या वाचनालयाचे सभासदत्व घ्यावे आणि आठवड्यातून एकदा मुलांनी स्वतः पुस्तक निवडावे. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत. त्यांतील एखादी गोष्ट रात्री आपण मोठ्याने वाचून दाखवावी. सहा वर्षांच्या मुलीला स्वतः वाचण्याची सक्ती सुट्टीत करू नये.

शिबिरांविषयी आपण थेट विचारले आहे, म्हणून तेवढेच स्पष्ट उत्तर देते. बहुतेक शिबिरे सकाळी आठ ते दहा असतात. म्हणजे त्यांनी दुपारचा प्रश्न सुटत नाही आणि दहा वाजता भर उन्हात मुलांना घरी आणण्याचा नवा प्रश्न मात्र उभा राहतो. तरीही मुलांना नवी माणसे भेटावीत म्हणून दहा-पंधरा दिवसांचे एखादे शिबिर घेण्यास हरकत नाही. ते जूनच्या पहिल्या पंधरवड्यात मिळाले तर अधिक चांगले, कारण तोवर घरातली नवलाई संपलेली असते. चौकशी करताना काय शिकवणार हे शेवटी विचारावे. आधी खोली थंड आहे का, पिण्याचे पाणी व स्वच्छतागृह कसे आहे, एका ताईंकडे किती मुले असतात आणि मुलांना न्यायला कोण येईल याची नोंद ठेवतात का, हे विचारावे. पुढच्या इयत्तेचा अभ्यास सुट्टीत करून घेणाऱ्या वर्गांना मुलांना पाठवू नये, असे मी शिक्षिका असूनही आवर्जून सांगते. तोच धडा जूनच्या अखेरीस वर्गात आला की ही मुले कंटाळलेली असतात.

रविवारी शहर पाहावे. अजब बंगला, म्हणजे १८६३ मध्ये स्थापन झालेले मध्यवर्ती संग्रहालय, एका फेरीत संपवण्याचा अट्टहास करू नये. एका वेळी एकच दालन पाहावे आणि मुलाने त्यातल्या एका वस्तूचे चित्र काढावे. गांधीसागराजवळच्या रमण विज्ञान केंद्रात तारांगणही आहे आणि मोतीबागेतल्या नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात छोटी इंजिने पाहता येतात. आपल्या बाजूला जयप्रकाशनगरचे मेट्रो स्थानक आहे. तेथून सीताबर्डीला जाऊन गाडी बदलायची आणि अंबाझरी तलाव दिसेपर्यंत लोकमान्यनगरच्या दिशेने जायचे, हा प्रवास कोणत्या फलाटावरून आणि किती स्थानकांचा, हे मुलाने आधी नकाशावर शोधून आपल्याला न्यावे. निघण्यापूर्वी प्रत्येक ठिकाणच्या वेळा विचारून घ्याव्यात आणि दार उघडताच आत शिरावे.

सुरक्षिततेच्या दोन गोष्टी मी कधीही गाळत नाही. पहिली कूलरची. त्यात पाणी आणि वीज शेजारी असते. कूलरला मुलांनी हात लावायचा नाही, पाणी भरण्याआधी मोठ्यांनी प्लग काढायचा आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यायचे. चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत उभा राहणारा कूलर मुलांना कठड्यावर चढण्याची पायरी ठरू नये, हेही पाहावे. दुसरी उन्हाची. मुले खेळात तहान विसरतात, म्हणून प्रत्येकाची वेगळी बाटली भरून ठेवावी आणि ती जेवणापूर्वी व झोपेनंतर रिकामी झाली का, ते आजींनी पाहावे. कैरीचे पन्हे, ताक, बेलाचे सरबत हे सारे चांगले. जुलाब-उलट्या झाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट द्यावे. चमचा चहाचा घ्यावा. अंग फार तापले आहे, मूल असंबद्ध बोलते आहे किंवा गुंगीत आहे, असे दिसले तर त्याला सावलीत आणून अंगावर पाणी शिंपडत, पंख्याखाली ठेवून, त्याच क्षणी १०८ वर फोन करावा. खिशातल्या कांद्यावर अशा वेळी विसंबू नये. हा क्रमांक आणि आपले दोघांचे फोन मोठ्या अक्षरांत लिहून फोनशेजारी चिकटवावेत.

आपल्याला हे सारे एकदम सुरू करता येणार नाही आणि तसे करूही नये. पहिल्या आठवड्यात फक्त झोपेच्या आणि उठण्याच्या वेळा बदलाव्यात आणि मोबाइल घराबाहेर न्यावा. दुसऱ्या आठवड्यात तापमापक, खोके आणि शेजारच्या एका घराशी बोलणे. वाळवण त्यानंतर, पण ऊन कडक असेपर्यंत. जूनमध्ये आभाळ भरून येऊ लागले की कुरोड्या नीट वाळत नाहीत. शाळा उघडण्याच्या आठवडाभर आधी जेवणाची वेळ डब्याच्या वेळेवर आणावी आणि दुपारची झोप हळूहळू कमी करावी. बूट आणि गणवेश त्याच आठवड्यात घालून पाहावेत, कारण दोन महिन्यांत मुलांचे पाय वाढलेले असतात आणि शाळेच्या आदल्या दिवशी दुकानांत फार गर्दी असते.